मर्यादवेलीच्या अलीकडे : डहाणू-तलासरीची पुळण आणि मुक्कामाचा इतिहास

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात एक शिलालेख आहे. क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने केलेल्या दानधर्माची ती यादी. इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या या लेखात गायी, गावे आणि सुवर्ण यांच्या दानाबरोबर एका वेगळ्याच दानाची नोंद आहे. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डाहनुका या नद्यांवर त्याने वाटसरूंसाठी फुकट तरीची सोय केली आणि दोन्ही तीरांवर विसाव्याच्या जागा व पाणपोया बांधल्या, असे तो लेख सांगतो. यातली डाहनुका म्हणजे आजची डहाणूची नदी, असे अभ्यासक मानतात. इतिहासाच्या दप्तरात डहाणूचे नाव पहिल्यांदा येते ते अशा रीतीने, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या सोयीच्या संदर्भात. नदीच्या काठी तेव्हा कोण राहत होते, त्या नावा कोण वल्हवत होते, पाणपोयांत पाणी कोण भरत होते, याबद्दल लेखात एक अक्षरही नाही. दानलेखाकडून तशी अपेक्षा करणेही योग्य नव्हे. परंतु पाहुण्याची नोंद राहते आणि यजमानाची राहत नाही, ही गोष्ट डहाणूच्या पुढच्या दोन हजार वर्षांच्या इतिहासात पुन:पुन्हा घडताना दिसते. प्रस्तुत लेखाचा विषय तोच आहे. निमित्त मात्र अगदी आजचे आहे.

मे महिन्याच्या सुट्टीत डहाणूपासून बोर्डीपर्यंत आणि तिथून तलासरी तालुक्यातल्या झाईपर्यंत जो किनारा पसरला आहे, तिथे शुक्रवारी संध्याकाळी जाऊन उभे राहावे. मुंबई, ठाणे, सुरत, वापी इकडून आलेल्या मोटारींची रांग सुरूच्या झाडांखाली लागलेली असते. त्यांतल्या काही, चारही चाकांना ताकद पुरवणाऱ्या, उंच आणि रुंद टायरांच्या गाड्या रस्ता सोडून थेट वाळूवर उतरतात. कोणी पाण्याच्या कडेकडेने वेगात गाडी पळवतो, कोणी गाडीच्या मागे तंबू ठोकतो, रात्री शेकोटी पेटते. सकाळपर्यंत वाळूवर चाकांच्या इतक्या रेघोट्या उमटलेल्या असतात की रात्रभर इथे नांगरट झाली असावी असे वाटावे. कोकणच्या किनाऱ्यावर अलिबागपासून खाली रत्नागिरीपर्यंत हे दृश्य आता सर्वत्र आहे. वाळूत रुतलेली आणि भरतीच्या पाण्यात सापडलेली मोटार ट्रॅक्टरने ओढून काढल्याची बातमी दर उन्हाळ्यात वर्तमानपत्रांत येतेच.

दोन वर्षांपूर्वी विद्यार्थ्यांच्या एका अभ्याससहलीसोबत मी बोर्डीला होतो. तेव्हा अशीच एक गाडी रुतली. चाके जितकी फिरत तितकी ती खाली जात होती. ट्रॅक्टर आला, दोर बांधला गेला, आठदहा माणसांनी खांदा दिला आणि गाडी निघाली. खांदा देणारे बहुतेक स्थानिक होते. मासळी वाळत घालण्याचे काम सोडून ते आले होते. गाडीच्या मालकाने ट्रॅक्टरवाल्याला पैसे दिले, बाकीच्यांचे आभार मानले आणि तो निघून गेला. तो वाईट माणूस नव्हता. मात्र गाडी ज्या वाटेने बाहेर निघाली तिथे एका बाईने वाळत घातलेला जवळा होता, तो वाळूत गेला. तिला मी विचारले, तेव्हा ती म्हणाली की आता कुणाला सांगायचे, गाडी निघाली हेच पुष्कळ झाले. तिच्या त्या उत्तरात तक्रार नव्हती, आणि त्यामुळेच ते माझ्या मनातून गेले नाही.

मुक्काम, तळ, छावणी, कॅम्प

साहित्याच्या अभ्यासकाने अशा वेळी आधी शब्दांकडे पाहावे. तंबू ठोकून राहण्यासाठी मराठीत एक शब्द नाही, अनेक आहेत, आणि प्रत्येकाचा इतिहास निराळा आहे. ‘पाल’ हा भटक्यांचा. ज्याला दुसरे घर नाही त्याचे ते घर. ‘राहुटी’ आणि ‘छावणी’ हे लष्कराचे. १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजीअप्पांच्या फौजांनी माहीम, तारापूर, डहाणू ही पोर्तुगीज ठाणी घेतली, तेव्हा या पुळणीजवळ पडलेल्या राहुट्या त्या जातीच्या. ‘तळ’ हा शब्द लष्कर, वारी, जत्रा अशा सर्वांना चालतो. आणि ‘कॅम्प’ हा शब्द मराठीत आला तो इंग्रजी अमदानीत, साहेबाच्या फिरतीबरोबर.

पावसाळा संपला की कलेक्टर, जंगल खात्याचा अधिकारी, मामलेदार हे जिल्ह्यात फिरतीवर निघत. आंबराईत तंबू पडत. साहेबाच्या घोड्याला गवत, स्वयंपाकाला सरपण, कोंबडी, अंडी, दूध, पाणी आणि सामान वाहायला माणसे हे सगळे आसपासच्या गावांतून यायचे. कागदोपत्री त्याचा मोबदला ठरलेला असे. प्रत्यक्षात तो हाती पडेपर्यंत किती उरे हे वेगळे सांगायला नको. डहाणू, उंबरगाव, पालघर, जव्हार या भागात या प्रथेला जो शब्द होता तो ‘वेठ’. साहेबाची वेठ, जंगल शिपायाची वेठ, आणि सर्वांत मोठी म्हणजे जमीनदार-सावकाराची वेठ. सिमिंग्टन या सनदी अधिकाऱ्याने १९३० च्या दशकाच्या अखेरीस मुंबई प्रांतातील आदिवासींच्या स्थितीवर जो अहवाल सरकारला दिला, त्यात सरकारी अधिकाऱ्यानेच ही स्थिती मान्य केली आहे. लग्नासाठी काढलेल्या थोड्याशा कर्जापोटी नवराबायको दोघांनी वर्षानुवर्षे सावकाराकडे राबायचे. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. ‘गडी’ हा मराठीतला किती आपुलकीचा शब्द! त्याच्याआधी ‘लग्न’ हा मंगल शब्द लावून गुलामीचे नाव तयार होते, ही गोष्ट भाषेच्या वर्गात शिकवण्याजोगी आहे.

तेव्हा आज किनाऱ्यावरच्या एखाद्या फलकावर ‘बीच कॅम्पिंग’ अशी अक्षरे दिसतात, तेव्हा त्यातला ‘कॅम्प’ हा या भूमीला नवा नाही. तो इथे पूर्वी येऊन गेला आहे, आणि तेव्हाही सरपण गावातूनच आले होते.

पुळण ही वाट होती

चाकेही या वाळूला नवी नाहीत, हे न्यायाने सांगितले पाहिजे. डहाणूचा किनारा अतिशय संथ उताराचा आहे. उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरांहून अधिक असतो, त्यामुळे ओहोटीला समुद्र फर्लांग-दोन फर्लांग मागे सरतो आणि ओली, घट्ट, करड्या रंगाची विस्तीर्ण पुळण उघडी पडते. खाड्यांनी तुटलेल्या कोकणपट्टीत पक्के रस्ते फार उशिरा झाले. तोवर ओहोटीची पुळण हीच गावोगावची वाट होती. माणसे, बैलगाड्या, गुरे याच वाटेने जात. परंतु त्या वाटेचे वेळापत्रक समुद्राच्या हाती होते. गाडीवानाला तिथी ठाऊक असावी लागे. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण आणि अष्टमीच्या सुमाराचा भांग यांतला फरक त्याच्या अंगात मुरलेला असे. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात आणि रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा सुमारे पाऊण तास उशिरा येते, हे त्याला घड्याळाशिवाय कळत होते.

१८६४ साली मुंबई आणि गुजरात लोहमार्गाने जोडले गेले आणि ही वाट मागे पडली. डहाणू गाव समुद्राकडे राहिले, ‘डहाणू रोड’ हे स्थानक आत झाले. घोलवड, बोर्डी रोड ही स्थानकेही अशीच आत. रेल्वेने जंगलातले लाकूड आणि गवत मुंबईला जाऊ लागले. पुढे इराणी आणि पारशी बागायतदारांनी लावलेल्या चिकूचे करंडेही जाऊ लागले. त्याच चिकूला २०१६ साली ‘डहाणू घोलवड चिकू’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. पुळण मात्र जिथे होती तिथे, मांगेला, माच्छी आणि इतर मच्छीमार समाजांच्या हाती राहिली. त्यांच्या दृष्टीने ती नुसती वाळू नाही. तिथे होड्या ओढून ठेवायच्या, जाळी दुरुस्त करायची, बोंबील आणि जवळा वाळवायचा. ओहोटीला बायकांनी शिंपल्या आणि खेकडे वेचायचे. घराचे अंगण, शेताचे खळे आणि बाजार असे तिन्ही तिथे एकत्र आहे.

इथे एक साधी गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. यांत्रिक मासेमारीला पावसाळ्यात बंदी असते. ती अलीकडच्या काळात १ जूनपासून सुरू होते. म्हणजे मे महिना हा हंगामाचा शेवटचा महिना. पावसाळ्यासाठी जे सुकवून ठेवायचे ते या उन्हात सुकवायचे. नेमक्या त्याच महिन्यात शाळांना सुट्टी लागते आणि शहर किनाऱ्यावर उतरते. एकाच वाळूवर एकाच महिन्यात दोन हंगाम येऊन आदळतात. त्यातल्या एकाला आपण ‘सीझन’ म्हणतो आणि त्याच्या गर्दीचे आकडे मोजतो.

वाळूचेही एक शास्त्र आहे. कोरडी वाळू भार सहन करीत नाही, कण कणावरून घसरतो. म्हणून जाणकार चालक टायरमधली हवा बरीच कमी करतो, म्हणजे चाक पसरते आणि भार वाटला जातो. ओली वाळू वरून घट्ट दिसते, पण चाक जागच्या जागी फिरले की तिच्यातले पाणी वर येते आणि ती पातळ होते. गाडी रुतते ती अशी. चाकाखाली जे दडपले जाते ते मात्र दिसत नाही. वाळूत बिळे करून राहणारे खेकडे, शिंपल्यांची पिले, वाळूतच अंडी घालणारे पक्षी यांची नोंद कोण ठेवणार? ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी कोकणात बहुशः दक्षिणेकडे, वेळास-आंजर्ल्यापासून खाली आढळतात. वेळासला २००२ पासून जे संरक्षणाचे काम उभे राहिले त्याचा अनुभव असा की, चाकाच्या खोल चरात पडलेले कासवाचे पिलू समुद्राची दिशा हरवते. डहाणूत जखमी कासवांवर उपचार करणारे केंद्र वन विभाग आणि स्थानिक प्राणिमित्रांच्या सहकार्यातून चालते. तिथे येणारी बहुतेक कासवे समुद्रातल्या जाळ्यांत जखमी झालेली असतात, म्हणजे त्यांच्या दुःखाचे सगळे माप पर्यटकांच्या पदरात घालणे खोटेपणाचे होईल. पण वाळू ही निर्जीव नाही, एवढे ते केंद्र पाहिल्यावर कळते.

आणखी एक मे महिना

किनाऱ्यापासून थोडे आत गेले की तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. १९४५ साली ते उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा बराचसा भाग गुजरातेत गेला. २३ मे १९४५ या दिवशी, ऐन उन्हाळ्यात, झरीला हजारो वारली जमले. किसान सभेच्या वतीने गोदावरी आणि शामराव परुळेकर तिथे आले होते. त्याआधी जानेवारीत टिटवाळ्याला झालेल्या किसान सभेच्या परिषदेला वारल्यांचे काही प्रतिनिधी गेले होते, तिथून हे बीज आले. झरीच्या सभेत ठरले की यापुढे वेठ करायची नाही, लग्नगडी म्हणून राहायचे नाही आणि रोख मजुरी घेतल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल टाकायचे नाही. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे बळी पडले. आजही दर वर्षी त्या दिवशी त्यांचे स्मरण केले जाते.

गोदावरी परुळेकरांनी या लढ्याचा वृत्तान्त ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिला. ते १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्या अभ्यासक्रमांत ते कधी आत्मकथन म्हणून, कधी वैचारिक गद्य म्हणून लावले जाते. मला मात्र अलीकडे ते प्रवासवर्णन म्हणूनही वाचावेसे वाटते. शहरात वाढलेली, पदवीधर, कायदा शिकलेली स्त्री डहाणूच्या जंगलात येते. ती पायी हिंडते, वारल्यांच्या झोपडीत राहते, त्यांच्या ताटातले खाते. तिचाही तो मुक्कामच होता. मराठी प्रवासवर्णनाने दूरदेशींची हवा, इमारती आणि माणसे यांची वर्णने विपुल केली. ज्या गावी आपण उतरतो तिथल्या माणसाने आपल्याकडे कसे पाहिले असेल, हा प्रश्न मात्र त्याने क्वचितच विचारला. परुळेकरांच्या पुस्तकात तो आहे. सुरुवातीला वारली त्यांच्याकडे भीतीने आणि संशयाने पाहतात, कारण बाहेरून येणारा पांढरपेशा माणूस काहीतरी मागायलाच येतो, हा त्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव होता.

याच काळात, याच किनाऱ्यावर आणखी एक मुक्काम पडला. १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे त्या कामाचे सूत्र. वस्तीतल्या अंगणात भरणारी ती ‘अंगणवाडी’, आणि गुरे राखणाऱ्या मुलांच्या मागे माळावर जाणारी ती ‘कुरणशाळा’. पुढे देशभर पसरलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द या मातीत रुजला. अनुताईंच्या आठवणींच्या पुस्तकाचे नावच ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ असे आहे. त्या टेकडीवर चढल्यावर पश्चिमेला समुद्र दिसतो आणि पूर्वेला डोंगर. आज तिथे येणारे बहुतेक पश्चिमेकडेच तोंड करून उभे राहतात.

माझा आग्रह असा नाही की, सुट्टीला येणाऱ्या प्रत्येकाने लढा उभारावा किंवा शाळा काढावी. सुट्टी ही विश्रांतीसाठीच असते. परंतु बाहेरून आलेल्या माणसाने इथे कसे राहावे, याचे दोन मोठे नमुने याच मातीत आणि एकाच वर्षी निर्माण झाले, हे आपल्याला ठाऊक असायला हवे.

जीप ते एसयूव्ही

चारही चाकांना ताकद देणारी गाडी हिंदुस्थानात आली ती युद्धाबरोबर. दुसऱ्या महायुद्धासाठी अमेरिकेत बनलेली विलीज जीप युद्धानंतर इथे राहिली, आणि १९४७ च्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत तिची जुळणी सुरू केली. पुढची तीसचाळीस वर्षे खेड्यांत जीप म्हणजे सरकार, असेच समीकरण होते. जीप आली म्हणजे बीडीओ, फौजदार, तहसीलदार किंवा जंगल खात्याचा साहेब आला. स्वातंत्र्योत्तर मराठी ग्रामीण कथेत गावाबाहेर धुरळा उडतो तो बहुधा जिपेचाच असतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर तर जीप दिसली की पुरुष रानात निघून जात, अशा आठवणी जुनी माणसे सांगतात.

मग तीच जीप जुनी होऊन वडाप झाली. बाजाराच्या दिवशी तलासरी आणि कासा यांच्या नाक्यांवर टपाला, मागच्या दांडीला लटकलेल्या माणसांनी भरलेली जीप कोणी पाहिली नाही? आणि शेवटी, १९९० नंतरच्या अर्थव्यवस्थेत, ती शहरी मध्यमवर्गाची हौस बनून परत आली. १९९४ ची सुमो, २००२ ची स्कॉर्पिओ, २०१० ची थार आणि २०२० मधला तिचा नवा अवतार असा हा क्रम. जाहिरातींत ही गाडी नेहमी ‘जिथे रस्ता संपतो तिथे’ दिसते. त्या चित्रात माणसांची वस्ती नसते. ओसाड वाळू, ओसाड डोंगर, ओसाड नदी. जिथे रस्ता संपतो तिथे बहुधा एखादा पाडा सुरू होतो, ही गोष्ट जाहिरातीला अडचणीची आहे. डहाणू-तलासरीत ती टाळता येण्यासारखी नाही.

आपण शिक्षक मंडळी यातून सुटलेलो नाही. माझ्या सहकाऱ्यांपैकी कितीतरी जणांच्या दारात अशा गाड्या उभ्या आहेत. त्यांनी आयुष्यभर बसच्या रांगेत उभे राहून मुलांना शिकवले आणि निवृत्तीच्या उंबरठ्यावर एक मोकळेपणा विकत घेतला. त्या मोकळेपणाची चेष्टा करण्याचा अधिकार मला नाही. मी एवढेच म्हणतो की, त्यांच्या मोकळेपणाची किंमत दुसऱ्या कोणी भरू नये.

कायद्याची रेषा

या तालुक्याचे एक वैशिष्ट्य विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने संपूर्ण डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला आणि उद्योगांवर कडक मर्यादा घातल्या. त्याच वर्षी फेब्रुवारीत किनारा नियमन क्षेत्राची देशव्यापी अधिसूचना निघाली होती. त्यानंतर १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. या प्राधिकरणाने १९९८ साली वाढवण बंदराला परवानगी नाकारली, औष्णिक वीज केंद्राला गंधक रोखणारी यंत्रणा बसवायला लावली. धर्माधिकारी २०१९ च्या जानेवारीत निवर्तले. जुलै २०२३ मध्ये याच प्राधिकरणाने वाढवणला अटींसह परवानगी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी बंदराची पायाभरणी झाली. मच्छीमारांचा विरोध त्याआधी होता, त्यानंतरही राहिला.

एवढे प्रचंड बंदर येत असताना वाळूवरच्या चाकांविषयी लिहिणे हे काहींना क्षुल्लक वाटेल. मलाही काही काळ तसे वाटले. पण दोन्हींच्या मुळाशी एकच समजूत आहे की किनारा रिकामा असतो. बंदराच्या नकाशावर तो रिकामा दिसतो आणि मोटारीच्या काचेतूनही. न्यायालयात ज्यांना वर्षानुवर्षे ‘आम्ही इथे आहोत’ असे सिद्ध करावे लागले, त्यांच्याच अंगणातून आपण सुट्टीच्या दिवशी गाडी नेतो.

इतरत्र काय होते हे पाहणे उपयोगाचे ठरेल. ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला वाळूचे एक प्रचंड बेट आहे. शंभराहून अधिक वर्षे ते फ्रेझर आयलंड म्हणून ओळखले गेले. जून २०२३ मध्ये त्याला तिथल्या बुचुल्ला आदिवासींचे मूळ नाव ‘गारी’ अधिकृतपणे परत मिळाले. तिथला लांबच लांब समुद्रकिनारा कायद्याने रस्ता मानला जातो. गाडीला परवाना लागतो, तंबूला वेगळा परवाना लागतो, वेगाची मर्यादा असते, भरतीच्या आगेमागे गाडी चालवू नये असे बजावले जाते. आपल्याकडे केरळात कण्णूरजवळ मुळप्पिलंगाड येथे सुमारे चार किलोमीटरच्या पुळणीवर गाडी नेण्याची रीतसर मुभा आहे. म्हणजे संपूर्ण बंदी किंवा संपूर्ण मोकळीक यांच्यामध्येही बऱ्याच वाटा आहेत. कुठली पुळण, कुठला महिना, कुठली वेळ आणि कोणाच्या संमतीने, एवढे प्रश्न विचारले गेले पाहिजेत. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि गारीचे नाव परत मिळायला लागलेला काळ पाहता तो सर्वांत उशिरा विचारला जातो.

उलटा प्रवास

उन्हाळ्याची सुट्टी म्हणून आपण जिला ओळखतो तीही काही सार्वत्रिक गोष्ट नाही. डहाणूच्या लोकांचा स्वतःचा उन्हाळी मुक्काम म्हणजे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची चैत्र पौर्णिमेची यात्रा. कुटुंबेच्या कुटुंबे तिथे येतात, झाडाखाली चूल मांडतात, वर्षाचे मिठ-मसाले, सुकी मासळी घेतात, लग्ने ठरवतात. किनाऱ्यावरची सुकी मासळी आणि डोंगरातले धान्य यांची गाठ अशा बाजारांत पडते. जवळ्याचा एक वाफा चाकाखाली गेला म्हणजे काय गेले, ते यावरून थोडे ध्यानात यावे.

दिवाळीनंतर याच तालुक्यांतून दुसरा एक प्रवास सुरू होतो. वसई, भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर वारली कुटुंबे निघतात. तिथे ती पालात, विटांच्या चार ओळी रचून केलेल्या खोपटात राहतात. तरुण पोरे पोरबंदर, ओखा, वेरावळच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. त्यांतली काही समुद्रातली न दिसणारी सरहद्द ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानच्या तुरुंगात वर्षे काढतात. मे अखेरीस, पाऊस यायच्या आधी, ही माणसे घराकडे परततात. म्हणजे आपली गाडी महामार्गावरून तलासरीकडे वळते त्याच आठवड्यात, त्याच महामार्गावर, टेम्पोत भांडीकुंडी आणि मुले घेऊन एक कुटुंब आपल्या घरी येत असते. त्यांनीही सहा महिने उघड्यावर तळ टाकलेला असतो. त्याला कोणी कॅम्पिंग म्हणत नाही.

रात्री तंबूच्या जागी पर्यटकांसाठी तारपा वाजतो, भिंतीवर पांढऱ्या रेषांत फेर धरलेली माणसे रंगवलेली असतात. ही चित्रे जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या चित्रांत मासे पकडण्याचे जाळे वारंवार येते. अतिशय बारीक, न तुटणाऱ्या रेषांचे. त्या जाळ्याभोवती माणसे असतात, झाडे असतात, मुंग्यासुद्धा असतात. पांढऱ्या रेषांच्या त्या जगात रिकामी जागा जवळजवळ नसतेच. लग्नाच्या चौकात पालघाट देवीभोवतीही तसेच, सगळे भरलेले. ज्यांच्या चित्रात रिकामी जागा नाही त्यांच्या गावाला आपण निवांत, निर्मनुष्य किनारा म्हणून जाहिरातीत मांडतो.

बोर्डीच्या पुळणीवर, सुरूच्या रांगेच्या अलीकडे, जांभळट गुलाबी फुलांची एक वेल वाळूवर पसरलेली असते. तिला मराठीत मर्यादवेल म्हणतात. सुरू हा इथे मुद्दाम लावलेला वृक्ष, मर्यादवेल मात्र इथलीच. समुद्राने कुठवर यावे ही मर्यादा ती दाखवते, अशी समजूत आहे. शास्त्र सांगते की तिची मुळे वाळू धरून ठेवतात आणि टेकाडे टिकतात, म्हणजे समजूतही फारशी चुकीची नाही. भरतीचा समुद्र सहसा ती ओलांडत नाही. त्या दिवशी रुतलेली गाडी ट्रॅक्टरने ओढली ती त्या वेलीवरूनच. तुटलेले वेल चाकाला गुंडाळून वर आले होते. माझ्या एका विद्यार्थिनीने ते सोडवून पुन्हा वाळूत खुपसले. ते जगले की नाही, हे बघायला यंदाच्या मे महिन्यात पुन्हा जायचे आहे. जाताना रेल्वेने जाऊ, डहाणू रोडला उतरू, आणि त्या बाईकडून विकतचा जवळा घेऊ, एवढे मी आणि माझ्या विद्यार्थ्यांनी ठरवले आहे.